ऑरिनला काय काय येत नाही

लोक मदत मिळावी म्हणून खोटं बोलतात, असं राज्याच्या राजधानीतल्या साहेबांना वाटतं. ते खोटं पकडायला त्यांनी वेगळी माणसं नेमली आहेत, त्यांना गाड्या दिल्या आहेत. आमच्या ओक्सबो काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, उलटा प्रकार. इथली म्हातारी माणसं मदत मिळू नये म्हणून खोटं बोलतात, आणि ते पकडायला कुणीही नेमलेलं नाही. मी काउंटीच्या मानवसेवा खात्यात केस काळे होते तेव्हापासून ते पांढरे होईपर्यंत दिवस काढले आहेत. अर्लीन झास्ट्रो माझं नाव. कुणाच्या घरी चूल पेटत नाही, कुणाचं पोर मार खातं, कुणाची म्हातारी एकटी पडली आहे, हे सगळं माझ्या खात्याचं. पण व्हर्ना टोलेफसनने ज्या निर्मळ चेहऱ्याने माझ्या डोळ्यांदेखत खोटं बोलून स्वतःच्या भावाची मदत घालवली, तसं मी आजवर पाहिलं नव्हतं.

व्हर्नाने ऐंशी कधीच ओलांडली. ऑरिन तिचा धाकटा भाऊ, साठी उलटलेला, दारातून आत येताना वाकावं लागेल एवढा धिप्पाड. समज मात्र पाच-सहा वर्षांच्या पोराएवढी राहिली, ती पुढे सरकलीच नाही. त्याला फिट येतात. आईवडील गेल्यापासून ही दोघं बहीणभाऊ त्या जुन्या घरात राहतात. गाई विकल्या, गोठा रिकामा आहे, मांजरं तेवढी आहेत. रोज सकाळी टॅमी नावाची बाई यायची. ऑरिनला अंघोळ घालायची, दाढी करायची, फिटच्या गोळ्या जॅममध्ये घालून द्यायची आणि त्या गिळल्याची खात्री करून घ्यायची. टॅमीचा पगार राज्याच्या पैशातून होई.

टॅमी येत होती तोवर दोघं घरात होती. टॅमी बंद झाली की पुढे काय होणार, हे मला ज्योतिष्याकडे जाऊन विचारायची गरज नव्हती. व्हर्ना स्वतःच्या वाकड्या बोटांनी त्या डोंगराला टबमधून उचलायला जाणार, पडणार, हाड मोडून घेणार. मग तिची रवानगी गावातल्या शुश्रूषागृहात, आणि ऑरिनची ज्या काउंटीत खाट रिकामी असेल तिथे. आम्हीच नेऊन सोडायचं, आम्हीच सही करायची. अशी घरं मी याआधी रिकामी केली आहेत. ते काम मला पुन्हा करायचं नव्हतं.

दर वर्षी राज्याकडून तपासणी होते. एक मुलगी मांडीवर संगणक घेऊन येते आणि विचारते, याला हे येतं का, ते येतं का. जेवढं येत नाही तेवढे गुण. गुण पुरेसे पडले तर मदत चालू. आतापर्यंत तपासणीला येणारा माणूस इथलाच होता, त्याला घर माहीत होतं, तो बघून समजून घ्यायचा. या वर्षी तो निवृत्त झाला आणि केल्सी आली. मुलगी सरळ होती, हसरी होती. पण परगावची होती, आणि जे ऐकलं तेच खरं धरायची.

केल्सी आणि मी पोचलो तर घर आरशासारखं. टॅमीला त्या दिवशी यायचं नाही म्हणून सांगितलेलं. ऑरिन चर्चचा शर्ट आणि टाय घालून, केस ओले करून चापून बसवलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. टेबलावर कॉफी, लिंबाच्या वड्या, आणि पाहुण्यांसाठी ठेवणीतले कप. मी हात धुवायच्या निमित्ताने न्हाणीघरात डोकावले. टबातली बसायची खुर्ची गायब, धरून उठायचे भिंतीवरचे दांडे नक्षीच्या टॉवेलांनी झाकलेले. खुर्ची नंतर मला गोठ्यात सापडली, पोत्याखाली. या बाईने एकटीने पहाटे उठून ऑरिनला अंघोळ कशी घातली असेल, हा विचार मी मनातून ढकलून दिला.

केल्सीने विचारलं, "ऑरिन स्वतः अंघोळ करतो का?"

"करतो की," व्हर्ना म्हणाली. "वडी घे ना, पोरी."

"कपडे स्वतः घालतो?"

"शर्टाची बटणं तर माझ्यापेक्षा छान लावतो." हे मात्र खरं होतं. वेळ लागे, जीभ बाहेर काढून लावी, पण लावी.

"गोळ्या आठवणीने घेतो?"

"कधी चुकवत नाही."

"रात्री त्याच्याजवळ कुणी असावं लागतं का?"

"मी असतेच. मी कुठे जाते?"

प्रत्येक उत्तराला ऑरिन मान डोलवत होता, अगदी खूश. मी टेबलाखालून व्हर्नाच्या पायाला पाय लावला. तिने पाय आखडून घेतला. शेवटी केल्सीने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला काही सांगायचंय?"

"सांगायचंय तर," मी म्हटलं. "अंघोळ टॅमी घालते. गोळ्या टॅमी देते. गेल्या हिवाळ्यात फिट येऊन तो स्टोव्हवर..."

"अर्लीन," व्हर्ना म्हणाली, "तुझी कॉफी गार होतेय."

मी तरी बोलले. केल्सीने टिपूनही घेतलं. पण गुण घरच्या माणसांच्या उत्तरावर पडतात, काउंटीच्या बाईच्या म्हणण्यावर नाही. काउंटीच्या बाया आपल्या माणसांसाठी वाढवून सांगतात, असा राजधानीत समज आहे.

केल्सीची गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत मी दम धरला. मग अंगणातच व्हर्नावर उखडले. "अहो, काय केलंत हे? मी महिनाभर आधीपासून सांगत होते ना, की त्याचा सगळ्यात वाईट दिवस सांगा! टाय कसला बांधलात त्याला?"

"पाहुणे येणार होते," ती म्हणाली.

"पाहुणे नव्हते ते! मदत जाईल आता!"

"आमचं चाललंय बरं. आमच्यापेक्षा गरजू लोक असतील." आणि उरलेल्या वड्या कागदात गुंडाळून तिने माझ्या हातात कोंबल्या. मी रागाने त्या गाडीत फेकल्या, आणि घरी जाईपर्यंत सगळ्या खाल्ल्या.

हा व्हर्नाचा ताठा आहे, असं मी धरून चालले. काउंटीवर पोसलेले, ही आमच्याकडे शिवी आहे. मुलगा दारूत बुडाला तर लोक सांगतील, पण खात्याची गाडी दारात उभी राहिली तर पडदे ओढून घेतील.

पत्र आलं. ऑरिन टोलेफसन मदतीच्या पात्रतेत बसत नाही. महिनाअखेर टॅमी बंद.

मी आमच्या संचालिकाबाईंकडे, मार्लिसकडे गेले. "आपल्या पैशातून टॅमीला ठेवू या. वसंतापर्यंत तरी."

मार्लिसने चष्मा काढून डोळे चोळले. "कुठल्या पैशातून, अर्लीन?"

हा प्रश्न ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, कारण उत्तर मला पाठ आहे. आमच्या खात्यात पैसा तीन नळांनी येतो. एक वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्र सरकारचा, एक राज्याचा, एक काउंटीच्या घरपट्टीचा. आणि प्रत्येक नळाखाली आधीच ठरवून दिलेली बादली. माणसाला घरातून उचलून दुसरीकडे ठेवायचं असेल, तर ती बादली भरलेली, कारण तसा कायदाच आहे. त्याच माणसाला त्याच्याच घरात ठेवायचं, तेही कितीतरी कमी खर्चात, तर ते तपासणीच्या गुणांवर. गुण नसतील तर उरली घरपट्टी. म्हणजे टॅमीला द्यायला आमच्याकडे दमडी नाही, पण व्हर्नाचं हाड मोडलं की दोघांवर टॅमीच्या पगाराच्या कितीतरी पट खर्च करायला आम्ही एका पायावर तयार.

"हे वेडेपणाचं आहे," मी म्हटलं.

"आहे," मार्लिस म्हणाली. "ड्वाइटशी बोलून बघ."

ड्वाइट केसेनिच काउंटी बोर्डावर निवडून आलेला, आमच्या खात्याच्या समितीचा अध्यक्ष, आणि व्हर्नाचा समोरचा शेजारी. शुक्रवारी संध्याकाळी तो तळलेले मासे खायला क्लबात येतोच. तिथे मी त्याला गाठलं. त्याने पावाच्या तुकड्याने कोबीच्या कोशिंबिरीचं पाणी पुसत माझं सगळं ऐकून घेतलं.

"व्हर्ना?" तो म्हणाला. "अगं रविवारी तर चर्चमध्ये भेटली. ठणठणीत आहे. ऑरिन टाय लावून आला होता, माझ्याशी हात मिळवला."

"त्या टायला टॅमी शनिवारीच गाठ मारून ठेवते. रविवारी नुसता डोक्यातून घालायचा."

"तिला अडचण असती तर बोलली असती ना."

"ड्वाइट, तुझ्या आईचा पाय मोडला होता तेव्हा ती बोलली होती?"

तो हसला, मग हसू मावळलं. "त्याच पायावर दूध काढत होती. आम्हाला सूज दिसली तेव्हा कळलं."

"मग?"

"मग काय, अर्लीन. यंदाही घरपट्टी वाढवली, तर एप्रिलातल्या निवडणुकीत मला मत कोण देणार? पहिली व्हर्नाच माझ्या विरोधात जाईल. दरवर्षी सभेला येऊन सांगते, कर वाढवू नका म्हणून." ते खरं होतं. वर तो म्हणाला, "तिच्या दारातला बर्फ मी फुकट काढतो. या हिवाळ्यातही काढीन, काळजी करू नकोस."

"तेही लिहिलंय तपासणीत," मी म्हटलं. "शेजाऱ्यांचा आधार भक्कम. त्याचेही गुण कापले."

त्याने घास चावणं थांबवलं. बिचाऱ्याला खरंच वाईट वाटलं. पण बोर्डाच्या सभेत टॅमीच्या पगारासाठी त्याचा हात वर गेला नाही तो नाहीच, आणि घरपट्टीतून रस्त्याच्या खडीला तेवढे पैसे मिळाले.

टॅमी बंद झाली. मी कामाच्या वाटेवर नसतानाही तिकडून गाडी काढू लागले. एका दुपारी व्हर्नाने डाव्या हाताने दार उघडलं. उजव्या मनगटाला भांडी पुसायचा टॉवेल घट्ट गुंडाळलेला, आणि गालाचं हाड जांभळं.

"काय झालं?"

"दार लागलं."

"टबात पडलात."

"दार लागलं म्हटलं ना."

ऑरिन स्वयंपाकघरात बसला होता. गालांवर खुंट वाढलेले, अंगाला वास. माझ्याकडे बघून नेहमीसारखा हसला. माझा संयम सुटला. "व्हर्ना, मी वरच्या कचेरीत अपील केलंय. केल्सी पुन्हा येणार आहे. शेवटची संधी आहे ही. यावेळी तुम्ही ताठा दाखवलात, तर मीच तुम्हाला शुश्रूषागृहात नेऊन सोडीन, आणि ऑरिनला कुठे पाठवतील ते मलाही ठाऊक नाही. तुमच्या ताठ्यापायी तो परक्या माणसांत मरेल!"

व्हर्नाने ऑरिनला मांजरांना बघायला गोठ्यात पाठवलं. त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत खिडकीशी उभी राहिली. मग दार लावून घेतलं.

"ताठा?" ती म्हणाली. "तुला ताठा वाटला होय?"

"मग काय म्हणू?"

"ती पोरगी त्याच्यासमोर विचारते, अर्लीन. त्याच्यासमोर! तो तिथे बसलेला असतो, टाय लावून. त्याला सगळं ऐकू येतं. सगळं लक्षात राहतं त्याच्या. मी त्याच्या तोंडावर कशी सांगू, की याला अंघोळ येत नाही, याला धुवून द्यावं लागतं, याला एकटा ठेवला तर घर जाळील? आई मला म्हणाली होती, याला कधी खाली पाहायला लावू नकोस. लहानपणापासून या घरात त्याला कुणी 'तुला येत नाही' म्हटलेलं नाही. काहीही केलं की 'केलंस, शाब्बास', 'जमतंय, शाब्बास'. म्हणून तर तो असा आहे. त्याच्यासारखी दुसरी माणसं तू पाहिली आहेस ना?"

पाहिली होती. कोपऱ्यात बसलेली, कुणी हात वर केला की डोकं झाकून घेणारी.

"त्याला बाहेर ठेव," ती म्हणाली. "मी सगळं सांगते. स्टोव्हचं, टबाचं, अंथरुणाचं. काही लपवणार नाही."

मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. इतकी वर्षं या कामात, आणि एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नाही. मी गाडीतूनच केल्सीला फोन लावला. त्याला दुसऱ्या खोलीत बसवून बोललं तर चालेल का? किंवा त्याला मी फिरायला नेते?

"मला पटतंय तुमचं," केल्सी म्हणाली. "पण नाही हो चालत. माणसाबद्दल त्याच्या पाठीमागे ठरवायचं नाही, हा त्याचा हक्क आहे. आधी त्यालाच विचारायचं, मग घरच्यांना."

पूर्वी अशा माणसांना त्यांच्या पाठीमागे ठरवूनच गुरांसारखं मोठमोठ्या आश्रमांत कोंबत असत. ते थांबावं म्हणून चांगल्या माणसांनी भांडून हा नियम करून घेतला होता. वाईट नियमाशी मी भांडले असते. चांगल्या नियमाशी कशी भांडू?

केल्सी आली. यावेळी टाय नव्हता, लिंबाच्या वड्याही नव्हत्या. व्हर्नाने टबातली खुर्ची जागेवर ठेवली होती. तिने ऑरिनचा हात स्वतःच्या बऱ्या हातात धरला होता.

"ऑरिन, तू अंघोळ स्वतः करतोस का?"

"मी करतो!" ऑरिन म्हणाला.

केल्सीने व्हर्नाकडे पाहिलं.

"नाही," व्हर्ना म्हणाली. "त्याला येत नाही."

ऑरिन हसला. त्याला ती गंमत वाटली.

"गोळ्या?"

"मी घेतो!"

"नाही. त्याला कळत नाही कुठली कधी घ्यायची. थुंकतो."

आता तो हसला नाही. व्हर्नाकडे वळून बघायला लागला. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती टेबलाकडे बघत उत्तरं देत गेली. एकटा राहतो का, नाही. स्टोव्ह, नाही. पैसे, नाही. रात्री अंथरूण कोरडं राहतं का, नाही. प्रत्येक 'नाही'सरशी ऑरिनचा आवाज बारीक होत गेला. 'मी करतो'चं 'करतो' झालं, मग नुसती मान हलली, मग तीही थांबली. केल्सीचे डोळे भरून आले होते, पण तिने प्रश्न थांबवले नाहीत. थांबवले असते तर गुण पडले नसते.

"कपडे? बटणं लावता येतात?"

ऑरिन एकदम सावरून बसला. त्याने हात सोडवून घेतला, गळ्याजवळचं बटण काढलं, आणि जीभ बाहेर काढून पुन्हा लावायला घेतलं. बघा म्हणून. मी व्हर्नाकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. एक 'हो' म्हटलं आणि नेमके तेवढेच गुण कमी पडले तर? ही भीती तिच्या चेहऱ्यावर मला लख्ख दिसली, कारण ती माझ्याही मनात होती.

"नाही," व्हर्ना म्हणाली. "बटणंही मीच लावते."

ऑरिनचे हात बटणावरच राहिले. मग त्याने ते मांडीवर ठेवले. केल्सीने मला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का. मी नाही म्हटलं.

गुण भरपूर पडले. मंजुरीचं पत्र आलं, टॅमी परत आली. मार्लिसने माझी पाठ थोपटली. बोर्डाच्या बैठकीत ड्वाइटने उठून सांगितलं, की बघा, घरपट्टीला हात न लावता टोलेफसन भावंडं घरीच राहिली, आपली यंत्रणा काम करते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दात-ओठ खात बसून राहिले.

बर्फ पडायला लागल्यावर एकदा गेले. ड्वाइटने दारापर्यंतचा रस्ता स्वच्छ काढून ठेवला होता. ऑरिन घोटून दाढी केलेला, धुतलेला, खिडकीजवळ बसला होता. माझ्याकडे बघून हसला नाही. टॅमी निघता निघता हळूच म्हणाली, "काम वाढलंय ग माझं. हात लांब करून नुसता उभा राहतो. बटणंसुद्धा मलाच लावावी लागतात."

व्हर्नाने मटणाच्या कालवणाचं पातेलं टेबलावर ठेवलं. मनगट अजून नीट जुळलं नव्हतं. "ऑरिन, ताटं मांडतोस का रे? अर्लीन जेवायला थांबतेय."

"मला येत नाही," ऑरिन म्हणाला. रुसून नाही, रागावूनही नाही. एखाद्याने आपलं नाव सांगावं तसं सांगितलं.

"येतं की रे तुला!" मी म्हटलं. "तूच तर नेहमी मांडतोस."

त्याने व्हर्नाकडे बोट दाखवलं. "तिला विचार."

ताटं मी मांडली. जेवताना व्हर्ना त्याला चमच्याने भरवत होती, आणि तो आ करत होता. निघताना ती मला सोडायला दारापर्यंत आली. अंगावर शाल ओढून घेतली.

"ती पोरगी पुढच्या वर्षी पुन्हा येणार?"

"दर वर्षी येते, व्हर्ना. तेवढं मला बदलता येत नाही. मी प्रयत्न केला."

"नाही, राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मला खोटं बोलावं लागणार नाही."